रायभानला, आधी पूर्णा आणि मग किनवट स्टेशनच्या पत्त्यावर

करंजवाडी उपकेंद्र, ता. जिंतूर
१९ नोव्हेंबर १९८६

रायभान,

वर आशीर्वाद लिहायला हात होईना, म्हणून लिहिला नाही.

गुरुवारी तू म्हणालास, "आक्का, तू हितंच बस, मी च्या घेऊन येतो." मी बाकावर बसले. तेव्हा अकरा वाजले असतील. साडेबाराला कंपाउंडर येऊन म्हणाला, तुमच्या भावाचे कागद घ्यायचे राहिलेत. मी म्हटलं, तो चहाला गेलाय, आला की घेईल. मग वाटलं, हैदराबादेत वाट चुकलास. एवढं मोठं शहर, तुला तेलुगू येत नाही. सुजल्या पायानं दोनदा बाहेरच्या रस्त्यापर्यंत जाऊन आले. शेवटी चहाच्या टपरीवर विचारलं, लाल पटक्यातला माणूस पाहिला का? तो म्हणाला, "वो तो कबके रिक्षे में बैठ के टेसन गए, अम्मा."

डॉक्टरांना कोणत्या तोंडानं भेटणार होते? कागद घेतले नाहीत, काही नाही. तशीच निघाले. काचीगुड्याहून मनमाडच्या गाडीत एकटी बसून आले. पूर्णा आलं तेव्हा खिडकीतून तुमची क्वार्टरं दिसली. दोरीवर तुझ्या बायकोचं, केवळाचं, लुगडं वाळत होतं. गाडी वीस मिनिटं थांबली. मी खाली उतरले नाही.

माय दारात उभी होती. तिनं आधी माझ्या मागं बघितलं. मी सांगितलं, रायभानला रेल्वेनं ड्यूटीवर बोलावून घेतलं, डॉक्टरांनी पुढची तारीख दिलीय. सत्तरीला आलेल्या आईशी खोटं बोलायची पाळी तू माझ्यावर आणलीस.

मी मागितलं नव्हतं, हे ध्यानात ठेव. माझ्या दोन्ही किडन्या जाणार, फार तर दोन वर्षं, आतापासून कुणाची तरी मिळायची तजवीज करा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी गप्प घरी आले होते. पोळ्याला तूच आलास आणि म्हणालास, "दोन हायत की मला. एक तुजी." केवळा चुलीपुढं रडायला लागली तर तू तिला दटावलंस. मूल होत नाही म्हणून मला नवऱ्यानं टाकलं, तेव्हा सतरा वर्षांचा तू बैलगाडी जुंपून मला घेऊन आला होतास. म्हणून मी तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला.

भीती वाटली तर वाटली म्हणायचं. मी नर्स आहे. सुईला भिणारे बाप्ये रोज बघते. तू बाकापाशी येऊन "आक्का, माझ्यानं व्हायचं न्हाई" म्हणाला असतास, तर आपण दोघं एका गाडीनं परत आलो असतो.

मनकर्णा


करंजवाडी
१२ एप्रिल १९८७

रायभान,

तुझ्याच रुळावरच्या गँगमधला सिताराम जिंतूरच्या बाजारात भेटला. त्यानं सांगितलं, तू स्वतः अर्ज देऊन किनवटकडं बदली मागून घेतलीस. इतकं लांब कशाला जायचं होतं? मी काही पूर्णेला येऊन तुझ्या दारात धरणं धरणार नव्हते.

हे पत्र रागानं लिहीत नाही. बोलायला माणूस नाही म्हणून लिहिते. मायला सगळं सांगता येत नाही आणि गावाला नर्सबाईचं दुखणं ऐकायची सवय नाही. गावाचं आपलं असं की नर्सबाईनं दुसऱ्याचं दुखणं ऐकायचं.

परभणीच्या डॉक्टरांनी पूर्ण आराम सांगितला होता. बाजेवरून उठायचं नाही, मीठ नाही, डाळ नावापुरती. चार महिने रजा टाकून पडून होते. माय आळणी येसराची आमटी करायची आणि स्वतःही तेच खायची. मी म्हणायची, तू तर मीठ खा. ती म्हणायची, "माझ्या जिभेला आता काय कळायलंय?" दुपारभर आढ्याकडं बघत पडायचं. बाहेर बायका लसीला यायच्या, दाराला कुलूप बघून परत जायच्या. पहिला महिना विचारपूस झाली. मग तीही थांबली.

आपला बा आठवायचा. मेंढरं घेऊन गोदाकाठापर्यंत चालत जाणारा माणूस. अंगावर सूज आली तेव्हा लोक म्हणाले, सटवाजी, आता बस. तो बसला तो उठलाच नाही. सेहेचाळीस वर्षांचा होता. मी चाळीस.

फेब्रुवारीत एका सकाळी परसाकडं गेले आणि बसल्या जागेवरून उठताच येईना. पायात जीवच नाही. मायनं ओढून बघितलं, तिला काय उचलतंय? शेवटी शेजारच्या चतुराबाईला हाक मारावी लागली. ज्या बाईची तीन बाळंतपणं मी केली तिनं मला काखेत हात घालून उठवलं, धुतलं, घरात आणलं. मी तिच्याकडं बघू शकले नाही. त्या दिवशी पोटरी हातात धरून बघितली. मुठीत मावत होती.

मग एकटीच हैदराबादला गेले. या वेळी एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी विचारलं, देणारं कुणी आहे का? मी म्हटलं, भाऊ होता, पळून गेला. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, हाताची घडी घालायला लावली आणि म्हणाल्या, उठा. उठले. पुन्हा बसा, उठा. तिसऱ्या वेळी मी उठू शकले नाही. घाम फुटला.

त्या म्हणाल्या, "किडनी तो जाएगी अम्मा, आहिस्ते आहिस्ते. मगर पाँव उससे पैले गए तो कैसा? पड़े रहना नक्को. रोज चलना."

मी विचारलं, चालल्यानं किडनी सुधारेल का?

"नहीं," त्या म्हणाल्या.

तो नकार मला आवडला. इतके दिवस सगळे मला आशा दाखवत होते, नाहीतर निरोप देत होते. ही बाई म्हणत होती, जे जाणार ते जाईल, जे उरलंय ते वापरा.

आता चालायचं कुठं? गावात बाई रिकाम्या हातानं चालत नाही. पहिल्या दिवशी दारापासून हापशापर्यंत गेले, सत्तर पावलं, आणि तिथल्या बायकांनी विचारलं, "नर्सबाई, घागर इसरलाव का?" दुसऱ्या दिवसापासून रिकामी कळशी काखेला लावून जायला लागले. हापशाच्या ओट्यावर दम खायचा आणि रिकामीच कळशी घेऊन परत. चतुराबाईच्या लक्षात आलं, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी शाळेपर्यंत. मग नाल्यापर्यंत. मार्चअखेर एकदा नाल्यापलीकडं तांड्यावर गेले, पाऊण कोस. तांड्यावरची बायनाबाई म्हणाली, "बाई, आमाला वाटलं तुमी गेलाव." खाली बसून हसले आणि बसल्या जागेवरून हात न टेकता उठले.

सोमवारी कामावर रुजू झाले. हे कुणाला तरी सांगावं वाटलं.

मनकर्णा


करंजवाडी
२० ऑगस्ट १९८८

रायभान,

पोस्टकार्ड आहे, वाटेत दहाजण वाचतील, म्हणून थोडकं. राखी याही वर्षी पाठवत नाही. माय विचारते, पाठवलीस का? मी हो म्हणते. सणाला का येत नाही म्हणते, तर मी म्हणते रेल्वेत सुट्टी नाही. तू तिला कधी पत्र टाकलंस तर हेच लिही. तब्येत बरी. पाऊस लय आहे, तांड्याचा नाला तीन दिवस उतरला नाही.

म.


करंजवाडी
३ डिसेंबर १९८९

रायभान,

तू उत्तर देत नाहीस याची आता सवय झाली. विहिरीत बोलल्यासारखं आहे, पण निदान विहीर दुसऱ्याला सांगत नाही.

मुंजाजी परवा गेला. तुला तो माहीत नाही. येलदरीच्या शाळेवर शिपाई होता, पन्नाशीचा, धिप्पाड. त्याचंही माझ्यासारखंच, फक्त साखरेच्या दुखण्यातून आलेलं. गेल्या वर्षी त्याची बायको कमलबाई माझ्याकडं आली. म्हणाली, "डॉक्टरनं दोन म्हयने सांगितलेत. माणूस भिताडाकडं तोंड करून पडून ऱ्हायलाय. तुमी तर हिंडताव, म्हून आले."

मी गेले. तो बघायलाही तयार नव्हता. मी म्हटलं, "मुंजाजीभाऊ, मला धरणाची भिंत दाखवा. इतकी वर्षं इथं हाय, वर चढून बघितली नाही."

तो म्हणाला, "दिसत न्हाई का मी मरायलोय?"

"मी बी मरायलेय," मी म्हटलं. "चला."

काय वाटलं कोण जाणे, उठला. पहिल्या दिवशी अंगणाच्या टोकापर्यंत आला आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण दुसऱ्या दिवशी काठी घेऊन बसलेला होता. मग दर बुधवारी आणि शनिवारी येलदरीकडची माझी फेरी असली की आम्ही दोघं धरणाच्या कडेनं चालायचो. बाकीचे दिवस तो कमलबाईबरोबर. खाली कोळी जाळी वाळत घालायचे आणि तो प्रत्येकाला नावानं हाक मारायचा, कारण अर्धे त्याच्या शाळेतून पळालेले. आम्ही आमचे रक्ताचे आकडे एकमेकांना सांगायचो, पोरं परीक्षेचे मार्क सांगतात तसे. त्याचं क्रिएटिनिन सात, माझं पाच. तो म्हणायचा, "मी पुढं हाय तुमच्या." लोक काय म्हणतील याची मला काळजी होती. टाकलेली बाई, परका पुरुष. पण दोन मरणाऱ्या माणसांबद्दल कुणी काही बोलत नाही, हा एक फायदा.

दोन महिने सांगितलेला माणूस चौदा महिने जगला. दिवाळीत नातवाला खांद्यावर घेऊन जत्रेत गेला. मग छातीत पाणी झालं आणि चार दिवसांत संपला. शेवटच्या दिवशी मी गेले तर तो कमलबाईला म्हणाला, "नर्सबाईला च्या दे, त्या चालून आल्यात."

कमलबाई मला म्हणाली, तुमी त्याला वर्षभर जास्तीचं दिलंत. मला तसं वाटत नाही. रोज चालणारी माणसंही मरतात, हे मी आता बघितलं. मी फक्त इतकं म्हणू शकते की तो भिंतीकडं तोंड करून मेला नाही.

काल शनिवार होता. फेरी संपल्यावर धरणाकडं गेले. सवयीनं सावकाश चालत होते, कारण तो सावकाश चालायचा. मग लक्षात आलं की आता कुणासाठी थांबायचं नाही, आणि जोरात चालता येईना.

मनकर्णा


करंजवाडी
१२ फेब्रुवारी १९९१

माझ्या रायभान,

काल हैदराबादहून आले. रात्र गाडीत काढली, सकाळपासून हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे.

डॉक्टरीणबाईंनी माझा कागद बघितला आणि त्यांना नवल वाटलं. म्हणाल्या, दोन वर्षं सांगितलेली बाई पाचव्या वर्षात चालत येते. मग त्यांनी जुनी फाइल काढायला माणूस पाठवला. आडनाव एकच म्हणून त्यानं दोन फायली आणल्या. त्या सहज म्हणाल्या, तुमच्या किडन्यांत पाण्याच्या गाठी आहेत, हा आजार घराण्यात चालतो, वडिलांनाही तोच असणार. म्हणूनच तर भावाची सोनोग्राफी आम्ही सगळ्यात आधी केली होती.

मी विचारलं, त्यात काय निघालं होतं?

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "आपको मालूम नहीं?"

मग त्यांनी दुसरी फाइल उघडली. दोन्ही बाजूंना गाठी. तारीख गुरुवारची, वेळ सकाळी साडेदहाची. खाली डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं: रुग्णाला समजावून सांगितले. बहिणीला स्वतः सांगेन म्हणाला.

साडेदहा. आणि अकराला तू मला बाकावर बसवून चहाला गेलास.

चार वर्षं मी तुला भेकड म्हटलं. पत्रात म्हटलं, मनात म्हटलं, चतुराबाईपाशी म्हटलं, हैदराबादच्या डॉक्टरांपाशी म्हटलं. तू एका शब्दानं उत्तर दिलं नाहीस. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून. तू हे सगळं वाचत होतास आणि तेच दुखणं पोटात घेऊन रुळावर चालत होतास.

मायला अजून काही सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

मी रजा टाकली आहे. पंधरा मार्चच्या आसपास येते. दार लावून घेतलंस तरी येते.

तुझी आक्का


करंजवाडी
२ एप्रिल १९९१

प्रिय रायभान,

किनवटला जे बोलले नाही ते लिहायला बसले आहे.

केवळानं मला दारात बघून आधी पाणी दिलं, मग रडली. म्हणाली, "तुमचं पत्र आलं की ह्ये जेवत न्हाईत. मला वाचून दाखवतेत, पण मधीमधी थांबतेत. मला कळतंय, काईतरी गाळायलेत." मग ती म्हणाली, "लाईनीवर गेलेत, रुळाच्या कडंकडंनं जावा, समोरून येतेलच."

सागाचं जंगल, पानं गळालेली, उन्हानं रूळ तापलेले. मी निघाले. तू लांबून दिसलास, खांद्यावर हातोडी, हातात लाल झेंडी गुंडाळलेली, दर दहा पावलांवर वाकून रूळ आवळणारी लोखंडी चावी बघणारा. मी ओळखलं ते चालीवरून. बा असाच चालायचा, एक खांदा खाली टाकून. तू मला बघितलंस आणि तरी दोन चाव्या ठोकल्यास, मग थांबलास.

"कागद बघितला मी," मी म्हटलं.

"कोणता?"

"तुझा."

तू हातोडी रुळावर टेकवलीस. मग विचारलंस, "मायला सांगितलंस?"

"न्हाई."

"मग ठीक हाय."

तू पुढं आणि मी मागं, असे आपण दीड कोस चाललो. मी विचारलं, का सांगितलं नाहीस? आणि तू मागं न बघता म्हणालास, "त्या बाकावर तू कशी बसली व्हतीस म्हाईत हाय का आक्का? नवं लुगडं नेसून, लगीन ठरल्यावाणी. मी काय येऊन सांगू? तुला द्यायला न्हाई, अन् माझ्यात बी तेच हाय म्हून? तुला एकटीला मरायचं व्हतं तवर तू मला शिव्या देऊन तरी जगली असतीस."

मग म्हणालास, "मायची दोनच लेकरं. तिनं काय करावं? अन् पोरीचं, सुमनचं, उद्या लगीन करायचंय. घराण्याचं दुखणं म्हणल्यावर कोण उंबरा चढंल?"

मी म्हटलं, रेल्वेच्या डॉक्टरकडं का जात नाहीस? तू म्हणालास, "नापास केलं की लाईनीवरून काढतेत. बसून काम देतेत. बा बसला अन् मेला. मी बसणार न्हाई. तूच लिव्हलंस की, चालल्यावर माणूस टिकतंय."

माझीच पत्रं वाचून तू असं समजून बसलास.

रुळाखालच्या स्लिपरांच्या ढिगावर बसवून मी तुझं बी.पी. बघितलं. तू विचारलंस, किती? मी म्हटलं, जरा जास्त हाय. रायभान, ते जरा जास्त नव्हतं. वरचं एकशे नव्वद आणि खालचं एकशे वीस होतं. मी दुसऱ्या दंडावर पुन्हा बघितलं तेव्हा तुला वाटलं मशीन खराब आहे. मशीन चांगलं होतं. तुझ्याकडं बघावं लागू नये म्हणून मी पिशवी आवरायला वेळ लावला.

आता नीट वाच आणि या वेळी काही गाळू नकोस, केवळालाही वाचून दाखव. मी पाच वर्षं टिकले ती नुसती चालून नाही. मी बी.पी.ची गोळी एक दिवस चुकवली नाही, मीठ तोंडात घातलं नाही. चालण्यानं पाय राहिले, भूक राहिली, झोप येते, माणसांत राहते. पण रक्ताचा जोर चालण्यानं इतका उतरत नाही. मुंजाजी चालत होता आणि गेला, ते मी तुला लिहिलं होतं. तू दिवसाला चार कोस चालतोस आणि आतून रोज एकेक गाठ वाढते आहे. चाल. पण गोळी घेऊन चाल. रेल्वेच्या डॉक्टरकडं जायची भीती वाटत असेल तर आदिलाबादला खाजगी जा, कुणाला कळणार नाही. चिठ्ठी मी सोबत जोडली आहे, तीवर औषधाचं नाव आहे, ती नुसती डॉक्टरला दाखव.

आणि सुमनला कधीतरी तपासावं लागेल. आज नाही. पण लग्नाआधी, आणि तिला सांगून. आपल्याला बानं सांगितलं नाही कारण त्याला माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे.

निघताना तू म्हणालास, "ऱ्हा की दोन दिस." मी म्हटलं, माय एकटी आहे. खरं कारण ते नव्हतं. अजून एक दिवस राहिले असते तर निघता आलं नसतं.

तुझी आक्का


करंजवाडी
२३ जानेवारी १९९४

प्रिय रायभान,

तुझं कार्ड काल मिळालं. विद्यापीठाचं नाव बदलल्यापासून इकडं एसट्या बंदच होत्या, कुठं मिरवणुका, कुठं दगड. टपाल आठ दिवस जिंतूरला पडून राहिलं. पोस्टमन आला तेव्हा मी दारातच बसले होते. त्यानं कार्ड हातात दिलं आणि मी अक्षर ओळखलं नाही. सात वर्षांत तुझं अक्षर बघितलं कुठं होतं?

तीन ओळी. मी पाठ केल्यात. "गोळ्या चालू हायत, बी.पी. एकशे चाळीसवर हाय. सुमनची सोनोग्राफी केली, काई निघालं न्हाई, तिशीत पुन्हा बघा म्हणलेत. केवळा म्हणती माझी एक किडनी आक्काला द्या, तुमच्या दोघींच्या रक्ताचा गट जुळतोय, तू कशी हायस ते कळव."

सुमनचं वाचून देवापुढं दिवा लावला. माय असती तर तिला आनंदाचं कारण सांगता आलं नसतं, पण गूळ तरी वाटला असता. दोन पावसाळे झाले तिला जाऊन. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तू क्रियेला आलास तेव्हा चतुराबाई तुझ्याकडं टक लावून बघत होती, आठवतं? तुला पळपुटा समजून किती शिव्या मोजल्या होत्या तिनं. तू गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता त्या शिव्या कुठं टाकू?"

आता केवळाबद्दल. तिला माझा निरोप नीट सांग. ती जे म्हणाली ते तिच्या तोंडून आलं, यातच माझं पोट भरलं. पण मी घेणार नाही. हे मानानं म्हणत नाही आणि मरायची हौस म्हणूनही नाही. मला सत्तेचाळीसावं चालू आहे, बापेक्षा जास्त जगले. मायच्या क्रियेला आलास तेव्हा तू तुझं क्रिएटिनिन दोन सांगितलं होतंस. ते वाढणार. दहा वर्षांनी वाढेल, पंधरा वर्षांनी वाढेल, गोळ्या घेतल्यास तर आणखी उशिरा. पण एक दिवस तुला लागणार, आणि त्या दिवशी तुझ्या घरात देणारी एकच बाई आहे. तिचा आणि तुझा गट एकच आहे हे मी एक्याण्णव सालीच विचारून घेतलं होतं. मी कशाला आले होते असं वाटलं तुला? ती किडनी तुझ्यासाठी राहू दे. केवळाला म्हणावं, मीठ कमी खा, जपून राहा, आक्कानं सांगितलंय.

माझं विचारलंस. माझं क्रिएटिनिन नऊ झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता मशीनवर रक्त धुवायला आठवड्यातून दोनदा या. हैदराबादला आठवड्यातून दोनदा कोण जाणार? मी त्यांना नाही म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. जाताना माझ्याबरोबर जिन्यापर्यंत चालत आल्या.

कामावर अजून जाते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जिल्ह्यातल्या नर्सा तिकडं पाठवल्या, यादीतून माझं नाव काढलं. साहेब म्हणाले, तुम्हाला झेपणार नाही. त्या दिवशी मला मशीनच्या बातमीपेक्षा जास्त वाईट वाटलं. तांड्यावर अजून जाते, पण वाटेत दोन ठिकाणी बसावं लागतं. तोंडाला चव नाही, अंगाला खाज सुटते, सकाळी मळमळतं. नाल्याच्या चढावर दम लागतो तेव्हा मी थांबते, श्वास मोजते आणि पुन्हा निघते. ज्या दिवशी निघता येणार नाही त्या दिवशी कळेलच.

गावातलं कुणी भेटलं की विचारतं, कशा हायत नर्सबाई? मी म्हणते, बरी हाय. सात वर्षं तेच म्हणत आले. बाळंतिणीला, साहेबाला, मायला, सगळ्यांना. कार्डावर तू तेच विचारलंस आणि मी उत्तर लिहायला बसले तर "बरी आहे" हा शब्द हातातून उतरेना.

तुला खरं सांगते. घरी आल्यावर कुलूप मीच काढते. एका माणसाची भाकरी थापायची म्हणून कधी थापतच नाही. संध्याकाळी चतुराबाईच्या घरातला आवाज ऐकत बसते.

मरणाची भीती कमी झाली आहे रायभान, पण एकटीनं वाट बघणं होत नाही. सुट्टी टाक आणि ये. किडनीचं बोलायला नको, दवाखान्याला न्यायला नको. नुसता ये. नाल्यापर्यंत माझ्याबरोबर चाल, तू पुढं नको, बरोबरीनं.

तुझी
आक्का